डबा आला, पण सांगितलं कुणी?

(पारगाव इथे बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे लिखित रूप.)



आजच्या बैठकीत काय बोलायचं हे तुम्ही माझ्यावर सोपवलंत. घरातली मारहाण, सातबाऱ्यावरचं नाव, रोजगाराची मजुरी हे विषय आपण नेहमी घेतो आणि ते घ्यायलाच हवेत. पण आज मी टीव्हीच्या डब्याबद्दल बोलणार आहे. मागच्या रांगेतल्या आक्का हसताहेत. हसा, पण ऐका. या डब्याच्या निमित्तानं आपल्या गावातल्या बायकांच्या गाठीचे किती पैसे गेले, किती जणींना खोटं सांगितलं गेलं, आणि मी स्वतः एका घराला किती चुकीचा सल्ला दिला, हे मला तुमच्यासमोर मांडायचं आहे.

आपण राहतो तो भाग आकाशातले संदेश पकडण्यासाठी प्रसिद्ध आहे. जुन्नर तालुक्यात आर्वीला १९७१ साली उपग्रहाशी बोलणारं भूकेंद्र सुरू झालं. खोडदची दुर्बीण तर शाळेच्या सहलीत तुमच्या पोरांनी पाहिलेली आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड छत्र्या लाखो वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी टिपतात. अशा तालुक्यात राहणाऱ्या बाईला टीव्हीच्या मागची पिवळी, पांढरी आणि लाल वायर कुठे खोचायची हे सांगायला मात्र कुणी आलं नाही.

आधी काय घडलं ते थोडक्यात सांगते. पूर्वी केबलवाला एका वायरीतून सगळे चॅनेल सोडायचा. त्या जुन्या पद्धतीत साधारण शंभरेक चॅनेल मावायचे, आणि किती घरांत केबल आहे हे फक्त केबलवाल्यालाच ठाऊक असायचं. त्यामुळे चॅनेलवाल्यांना पैसे कमी मिळत आणि सरकारला करही कमी मिळे. म्हणून २०११ साली केबलच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ठरलं की प्रत्येक घरात डबा बसवायचा, डब्याशिवाय चित्र दिसणार नाही. मुंबईसह चार महानगरांसाठी २०१२ ची मुदत होती. दुसऱ्या टप्प्यात, मार्च २०१३ च्या मुदतीत, पुणे आणि इतर मोठी शहरं आली. आपल्यासारख्या खेड्यांचा टप्पा चौथा, म्हणजे शेवटचा. त्याची मुदत पुढे पुढे ढकलत अखेर ३१ मार्च २०१७ ठरली.

हा बदल सगळाच वाईट होता असं मी म्हणत नाही. चित्र स्वच्छ झालं, चॅनेल वाढले, हिशेब उघडा झाला. पण या निर्णयात चॅनेलवाले, केबलवाले आणि सरकार यांचा विचार झाला. संध्याकाळी खुरपणीवरून येऊन, भाकरी थापून झाल्यावर अर्धा तास टीव्हीसमोर बसणाऱ्या बाईला हे कोण समजावणार, याचा विचार झाला नाही. माहिती दिली गेली ती पडद्याच्या तळाशी पळणाऱ्या पट्टीतून आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींतून. ज्या घरात पेपर येत नाही आणि जिला ती पट्टी वाचता येत नाही, तिच्यासाठी माहितीचा एकच झरा उरला, तो म्हणजे जो डबा विकायला दारात आला तोच.

त्यानं काय सांगितलं? मी तेव्हा नुकतीच एमएसडब्ल्यू करून या भागात कामाला लागले होते. वस्त्यांवर फिरताना जे ऐकलं ते सांगते. एकीला सांगितलं, जुना टीव्ही आता भंगारात द्या, नवा चपटाच घ्यावा लागेल. हे धादांत खोटं. जुन्या टीव्हीलाही डबा जोडता येतो. दुसरीकडे आधीपासून डिशची छत्री होती, तिलाही नवा डबा गळ्यात मारला. तिला बदलायचं काहीच नव्हतं, कारण डिश पहिल्यापासूनच डिजिटल. तिसरीला सांगितलं, डबा विकतच घ्यावा लागतो. तोही भाड्यानं किंवा हप्त्यानं मिळण्याची सोय नियमात होती. आणि जवळजवळ सगळ्या जणींकडून रोख पैसे घेतले, पावती मात्र दिली नाही. फॉर्म भरले गेले ते नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावानं. पैसे कुणाचे? कितीतरी घरांत बचत गटाचे, नाहीतर कोंबड्या-अंडी विकून साठवलेले.

यात एक बारीक गोष्ट आहे. टीव्ही घ्यायचा ठरला की तो घरचा असतो, चौकात सांगायला नवऱ्याचा असतो. पण रिचार्जचे पैसे मागायची वेळ आली की तो बाईचा होतो. "तुमच्याच मालिकांसाठी लागतं ना?" हे वाक्य तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय? हात वर करा. बघा. क्रिकेट आणि बातम्या कुणासाठी लागतात, हे मात्र कुणी विचारत नाही.

मग आलं २०१९. डबे बसून दोन वर्षं होतात न होतात तोच ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, नवी पद्धत लागू केली. आता चॅनेल आपण निवडायचे आणि निवडलेल्याचेच पैसे भरायचे. पहिल्या १०० चॅनेलसाठी जास्तीत जास्त १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १५३ रुपये. त्या शंभरात दूरदर्शनचे ठरलेले चॅनेल आलेच पाहिजेत, बाकी फुकटचे चॅनेल आपल्या पसंतीनं घेता येत होते. पैशाचे चॅनेल हवे असतील तर प्रत्येकाची किंमत वेगळी. कागदावर हे ग्राहकाच्या हिताचंच होतं. किमती पाहायला ९९९ क्रमांकाचा चॅनेलही ठेवला होता. आपल्या बैठकीत मी तेव्हा विचारलं, ९९९ कुणी लावून पाहिलाय? एकीनंही पाहिलेला नव्हता. कुणी सांगितलंच नव्हतं तर पाहणार कशा?

गावात आवई उठली, "१ फेब्रुवारीला टीव्ही काळा पडणार, त्याआधी मोठं पॅकेज घ्या." खरं तर ज्यांनी निवड केली नव्हती त्यांचा टीव्ही बंद पडू नये, असं ट्रायनं स्पष्ट केलं होतं. निवडीला ३१ मार्चपर्यंत मुदतवाढही मिळाली. पण ही खबर पारगावला पोचेपर्यंत मोठमोठी पॅकेज विकून झाली होती. त्यात न कळणाऱ्या भाषांचे चॅनेल भरलेले. एक मावशी मला म्हणाल्या, "ताई, मी पैसे भरते आणि त्या चॅनेलवर काय बोलतात ते मला देव जाणे."

निवड करायची तर मोबाईल लागतो, आणि मोबाईलवर ओटीपी येतो. एका घरात डबा आईच्या देव्हाऱ्याशेजारी, पण नंबर नोंदवलेला मुलाचा, आणि मुलगा चाकणला कंपनीत दुसऱ्या पाळीला. आईला एक चॅनेल बदलायचा तर मुलाच्या सुट्टीची वाट बघायची. दुसऱ्या घरात नवरा भांडण झालं की रिचार्ज करायचाच नाही. "बस आता गप." किराणा बंद केला तर गावात बोभाटा होतो, रिचार्ज बंद केला तर कुणी त्याला अत्याचार म्हणत नाही. पण त्या बाईला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

आता माझी चूक सांगते.

त्याच सुमारास एक ताई माझ्याकडे आल्या. नवरा वारलेला, दोन मुली, रोजानं शेतात जाणं. त्यांनी विचारलं, "मॅडम, दूरदर्शनची फुकटवाली छत्री घेऊ का कंपनीची?" मी क्षणभरही विचार न करता म्हटलं, "कंपनीची घ्या, त्या फुकटच्या छत्रीवर काही धड दिसत नाही." मी हे कशावरून म्हटलं? ऐकीव माहितीवरून. त्या दिवसांत खाजगी कंपन्यांनी आपले काही लोकप्रिय चॅनेल त्या छत्रीवरून काढून घेतले होते, १ मार्च २०१९ पासून, त्याची चर्चा होती. तेवढ्यावर मी मत ठोकून दिलं. त्यांना महिन्याला काय परवडेल, घरात कोण काय बघतं, काम नसेल तेव्हा रिचार्जचं काय, यातलं मी एकही विचारलं नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. रोजगार बंद. काही महिन्यांत त्यांचा रिचार्ज संपला. जुलैमध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' सुरू झाली. ज्या घरी स्मार्ट मोबाईल नव्हता त्या मुलांसाठी तीच शाळा होती. ज्यांच्याकडे दूरदर्शनची छत्री होती त्यांना एक पैसा न भरता ती दिसत होती. या ताईंच्या पडद्यावर फक्त रिचार्ज करा अशी पाटी. त्यांची धाकटी पाचवीत होती. ती शेजारच्या घराच्या उंबऱ्यावर बसून धडा बघायची, आणि त्या दिवसांत दुसऱ्याच्या दारात बसणं म्हणजे काय हे तुम्हाला आठवत असेल. कधी दार लोटलेलं असायचं. मग धडा बुडायचा.

मला हे कळलं तेव्हा मी त्यांची माफी मागायला गेले. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या मॅडम, तुमाला तरी कुठं म्हाईत होतं?" त्यांनी मला सहज माफ केलं, आणि तेच मला जास्त लागलं. कारण मला माहीत नव्हतं हे खरं, पण "मला माहीत नाही, चौकशी करून सांगते" असं म्हणायला माझं शिक्षण आड आलं. डबा विकणाऱ्याचा सल्ला पैशासाठी होता. माझा सल्ला फुकट होता, पण त्या घराला दोन्ही सारखेच महाग पडले.

इतर ठिकाणी हे कसं हाताळलं तेही पाहा. अमेरिकेत २००९ साली जुनं प्रक्षेपण बंद करताना सरकारनं घरटी ४० डॉलरची दोन कूपनं देऊ केली. ब्रिटनमध्ये ७५ वर्षांवरच्या आणि अपंग माणसांच्या घरी जाऊन डबा जोडून द्यायची, वापरायला शिकवायची योजना होती. ते श्रीमंत देश म्हणून सोडून देऊ. पण तामिळनाडूत २०१७ साली सरकारी केबल कंपनीनं ग्राहकांना डबे मोफत वाटले, हे तर आपल्याच देशातलं. म्हणजे ठरवलं तर होतं. आपल्याकडे बाईनं विचारलं नाही म्हणून कुणी दिलं नाही, आणि विचारायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नाही.

नियम अजूनही बदलताहेत. दूरदर्शनचे काठीवरच्या अँटेनाला दिसणारे जुने प्रक्षेपक २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाले. १३० रुपयांची कमाल मर्यादा जुलै २०२४ मध्ये ट्रायनं काढून टाकली. आता आकार वितरक ठरवतो, पण तो त्यानं जाहीर केला पाहिजे. उद्या आणखी काही येईल. गॅसच्या अनुदानात, रेशनच्या अंगठ्यात, बँकेच्या केवायसीत आपण हेच पाहिलं. दर वेळी नवं यंत्र येतं, मुदत येते, आवई उठते आणि बाई घाईनं पैसे भरते.

म्हणून आपल्या गटांनी काही कामं अंगावर घ्यावीत असं मला वाटतं.

पहिलं, पावतीशिवाय पैसा द्यायचा नाही. पावती आणि फॉर्मची प्रत गटाच्या पेटीत, कर्जाच्या कागदांजवळ ठेवायची.

दुसरं, घरात टीव्ही बाई चालवत असेल तर नोंदलेला मोबाईल नंबर तिचाच हवा. नंबर बदलून घ्या. नवरा नसेल तर जोडणी स्वतःच्या नावावर करून घ्या.

तिसरं, एका बैठकीत आपापल्या घरी खरोखर बघितले जाणारे चॅनेल कागदावर लिहा. न वाचता येणाऱ्या मैत्रिणीला चिन्हांवरून सांगता येईल. मग बिलाशी ताडून पाहा. फुकटची छत्री पुरते का, हेही तेव्हाच कळेल.

चौथं, कुणी म्हणालं "उद्यापासून बंद," तर त्याला विचारा, लेखी कुठे आहे? दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. एकटीनं जाऊ नका, पाच जणी जा.

पाचवं आमच्यासारख्या कार्यकर्त्यांसाठी. सल्ला देण्याआधी विचारायचं: महिन्याला किती जमतं, घरात कोण काय बघतं, फोन कुणाच्या हातात असतो, काम बंद पडलं तर काय? आणि माहीत नसेल तर तसं म्हणायचं.

त्या ताईंनी पुढच्या वर्षी दूरदर्शनची छत्री बसवली. वायरी कुठे जोडायच्या हे त्यांच्या थोरल्या मुलीनं बसवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून शिकून घेतलं. आता वस्तीवर कुणाचं चित्र गेलं की तिला हाक मारतात. मागच्या महिन्यात तिनं माझ्याही घरचा डबा लावून दिला. मी पैसे देऊ केले, तर म्हणाली, "पैसे नकोत, पावती द्या."

आता तुमच्या पेटीतल्या पावत्या काढा. बघू या, किती जणींकडे आहेत.