उपग्रहांची लकाकी आणि मुंबईचे आकाश



लालबाग-परळच्या दिव्यांच्या झगमगाटात आकाशगंगा दिसत नाही, ही गोष्ट नवी नव्हे. तारे पाहावयाचे तर वांगणीसारखे गाव गाठावे, हे मुंबईच्या हौशी निरीक्षकांनी केव्हाच ओळखले. हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास, १९८५-८६ मध्ये, आकारास आलेल्या खगोल मंडळाने तेथे रात्रभर आकाशदर्शनाचे कार्यक्रम घडवून आणले. परंतु एका दृश्यासाठी शहर सोडण्याचे कारण पडत नसे. ते म्हणजे इरिडियम उपग्रहांची लकाकी.

१९९७ पासून दूरध्वनीसाठी सोडलेले हे उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून, जवळजवळ उत्तर-दक्षिण, शंभर मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करीत. मूळ योजना ७७ उपग्रहांची. इरिडियम या मूलद्रव्याचा अणुक्रमांकही ७७, म्हणून हे नाव. पुढे ६६ उपग्रहांवरच भागले. ६६ अणुक्रमांकाचे मूलद्रव्य डिस्प्रोसियम! त्या नावाने दूरध्वनी कोणी घेतला असता, हा प्रश्नच आहे.

प्रत्येक उपग्रहाला दाराएवढ्या तीन चकचकीत अँटेना होत्या. जमिनीवर काळोख झाला तरी त्या उंचीवर ऊन असतेच. अँटेना योग्य कोनात येताच आरशाप्रमाणे तिचा कवडसा पृथ्वीवर पडे. आकाशातील अंधुक ठिपका काही सेकंदांत शुक्राच्या कित्येक पट तेजस्वी होई आणि तसाच विझून जाई. हा कवडसा सुमारे दहा किलोमीटर रुंद असे. गिरगाव चौपाटीवरून शिवाजी पार्कापर्यंत तो एक-दीड सेकंदात पोहोचे. खाडीपलीकडे पनवेलला मात्र तीच लकाकी फिकी दिसे. भाकिताचा क्षण आणि घड्याळाचा काटा जुळलेला पाहून कोन, वेग व रेखांश यांचा अर्थ विद्यार्थ्यांना जसा उमगे, तसा फळ्यावर क्वचितच उमगतो.

२०१७ नंतर नवे उपग्रह आले. त्यांना तशा अँटेना नाहीत. जुने बहुतेक कक्षेतून उतरविण्यात आले. निकामी होऊन गिरक्या घेणारे काही उरले आहेत, पण त्यांचे भाकीत करता येत नाही.

निरीक्षणाची गरज मात्र वाढली आहे. २०१९ पासून स्टारलिंकच्या उपग्रहांच्या रांगा दिसू लागल्या. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, महाराष्ट्राच्या आकाशातून जळते तुकडे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडले. ते चिनी अग्निबाणाचे असावे, असे तज्ज्ञांचे मत पडले. अशा वेळी गावकरी प्रथम शिक्षकांना आणि सरपंचांनाच विचारतात. ‘काहीतरी चमकले’ एवढ्या नोंदीचा उपयोग नाही. सेकंदापर्यंत वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची लिहावी. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश व्यापते. मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर असतो. मुलांनी आधी तोच मोजून पाहावा.