परतीची वाट : घरचे संगणकजाळे आणि त्याची दोन दारे

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



शंभर वर्षे पुस्तकांची देवघेव करीत आलेल्या संस्थेने मला व्याख्यानाला बोलावले आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपवली, हा तिचा मोठेपणा आहे. या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, रंगभूमीवर, गोमंतकाच्या इतिहासावर अधिकारी वक्ते बोलून गेले. माझा तो अधिकार नाही. डिचोलीच्या एका विद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे ‘हे असे का होते?’ या एका प्रश्नापलीकडे माझी धाव जात नाही. आजचा विषयही त्याच प्रश्नातून आला आहे. घरातील संगणकजाळ्याला दुसरे दार बसवले, त्या दाराने मजकूर गेला आणि उत्तर परत आले नाही, तर ते कुठे अडले हे कसे शोधावे? विषय रूक्ष वाटेल. पण त्याच्या मागे एका घराची गोष्ट आहे, ती आधी सांगतो.

माझी धाकटी बहीण पेडणे महालातील एका गावात राहते. मेहुणे गेल्यानंतर राजांगण असलेल्या त्या मोठ्या घरात ती एकटीच उरली. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पुण्याला एका कंपनीत यंत्रांच्या चाचणीचे काम करीत होता. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्याच महिन्यात केंद्राच्या दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या सेवा-कंपन्यांसाठी घरून काम करण्याचे नियम शिथिल केले. इतर कंपन्यांनीही आपापले मार्ग शोधले. भाचा गावी आला आणि माजघराच्या बाजूच्या खोलीत त्याने आपले कार्यालय थाटले. इतक्या वर्षांनी त्या घरात रात्री उशिरापर्यंत दिवा दिसू लागला, याचा माझ्या बहिणीला झालेला आनंद मी पाहिला आहे.

पुढे कंपनीने त्याला एक लहानशी पेटी पाठवली. त्याच्याजवळ चाचणीची काही उपकरणे होती. त्यांनाही कार्यालयाच्या संगणकांशी बोलायचे होते. पण त्यांच्यात वेगळी प्रणाली बसवण्याची सोय नव्हती. म्हणून सर्वांसाठी मिळून ही एक पेटी, एक स्वतंत्र गेटवे. पेटी बसली, दिवे लागले, आणि काम मात्र चालेना. महिनाभर हा घोळ चालला. शेवटी वरिष्ठांचे पत्र आले : जोडणी पंधरा दिवसांत स्थिर झाली नाही, तर पुण्याला हजर व्हावे. तेव्हा बहिणीने मला फोन केला. ती एवढेच म्हणाली, ‘‘दादा, तुला यातले काही कळते का? एकदा येऊन जा.’’

तिथे मी काय पाहिले हे सांगण्याआधी दोन-तीन मूळ गोष्टी स्पष्ट करायला हव्यात.

संगणक जे काही पाठवतो, ते लहान लहान पाकिटांत भरून पाठवतो. प्रत्येक पाकिटावर दोन पत्ते असतात, जाणाऱ्याचा आणि पाठवणाऱ्याचा. घरातील यंत्रांचे पत्ते बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतात. हे पत्ते खासगी आहेत. फेब्रुवारी १९९६ मध्ये इंटरनेटच्या नियमावलीत असे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले. आपल्या गोव्यात ‘देऊळवाडा’ कितीतरी गावांत आहे. गावातल्या गावात ‘देऊळवाड्यावर दे’ म्हटले की निरोप पोचतो. पण पत्रावर नुसते ‘देऊळवाडा’ लिहून ते पुण्याहून टाकले, तर कोणता पोस्टमन ते आणून देईल? खासगी पत्त्याचे तसेच आहे. आपल्या वाड्याबाहेर त्याला अर्थ नाही.

घरातील यंत्राला आपला वाडा तेवढा ठाऊक असतो. बाहेरचे जे काही असेल, ते सारे ते एका ठरलेल्या दाराकडे सोपवते. ते दार म्हणजे गेटवे. बहुतेक घरांत इंटरनेट पुरवणाऱ्याने दिलेला राउटर हेच ते एकमेव दार असते.

आता व्हीपीएन, म्हणजे आभासी खासगी जाळे. कार्यालयातील संगणकांचे पत्तेही खासगीच. मग पेडण्याच्या देऊळवाड्यावरून पुण्याच्या देऊळवाड्यावर पत्र कसे जावे? उपाय सोपा आहे. मूळ पाकीट कुलूपबंद करून दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालायचे आणि त्यावर कार्यालयाच्या वेशीचा जाहीर पत्ता लिहायचा. वेशीवर बाहेरचे पाकीट फोडतात, आतले पुढे जाते. घरी आलेली पेटी हेच काम करीत होती. तिच्यात वायरगार्ड नावाची प्रणाली होती. लिनक्सच्या गाभ्यात ही प्रणाली मार्च २०२० मध्येच समाविष्ट झाली.

अशा रीतीने त्या घराला दोन दारे झाली. राउटर हे पुढचे दार आणि पेटी हे परसदार. आपल्या जुन्या घरांत कोणते माणूस कोणत्या दाराने ये-जा करील, हे न सांगता सर्वांना कळते. यंत्रांना मात्र ते सांगावे लागते.

मी गेलो तेव्हा भाच्याने सारे उपाय करून पाहिले होते. तारा बदलल्या, पेटी शंभरदा बंद-चालू केली, माडाची झावळी तारेवर पडली असेल म्हणून माणूस वर चढवला. मी म्हटले, ‘‘आता काही बदलू नकोस. एक कोरा कागद आण.’’ कागदावर आम्ही घरातील प्रत्येक यंत्र आणि त्याचा पत्ता लिहिला. राउटर १९२.१६८.१.१, पेटी १९२.१६८.१.२, भाच्याचा संगणक आणि उपकरणे त्यापुढे. कार्यालयाचे जाळे १० या अंकाने सुरू होणारे. मग एकेका मुक्कामाला विचारीत निघालो.

विचारण्याची साधने जुनीच आहेत. १९८३ च्या अखेरीस माइक म्यूस या अमेरिकन संशोधकाने ‘पिंग’ नावाची छोटी प्रणाली लिहिली. ती एखाद्या यंत्राला हाक मारते आणि ओ येण्याची वाट पाहते. नंतर व्हॅन जेकबसन यांनी ‘ट्रेसराउट’ रचली. पाकीट वाटेत कोणकोणत्या मुक्कामांवरून जाते, ते ती दाखवते.

पहिला प्रश्न पेटीला. पेटीवरून कार्यालयाला हाक मारली, ओ आली. म्हणजे भुयार शाबूत होते. इंटरनेट पुरवणाऱ्याला आणि माडाच्या झावळीला दोष देण्याचे कारण उरले नाही. दुसरा प्रश्न भाच्याच्या संगणकाला. तेथून हाक मारली, ओ नाही. वाट पाहिली तर पाकीट पुढच्या दाराने बाहेर पडलेले! राउटरला कार्यालयाचा पत्ता ठाऊकच नव्हता. त्याने ते इंटरनेटच्या हवाली केले आणि तेथे खासगी पत्त्याचे पाकीट लयाला गेले. चूक उघड होती. ‘१० ने सुरू होणारे सारे पेटीकडे दे,’ अशी एक ओळ आम्ही राउटरच्या मार्गसूचीत लिहिली.

पुन्हा हाक मारली, ओ आली! भाच्याने टाळी वाजवली. पण कार्यालयाचे पान उघडायला गेला, तर पान उघडेना. नुसते चक्र फिरत राहिले. तो हताश होऊन म्हणाला, ‘‘मामा, हाक पोचते, ओ येते, पण बोलणे होत नाही!’’

त्या वाक्यातच रोगाचे निदान होते. ते कसे, हे मी या ग्रंथालयाच्या भाषेत सांगतो. समजा, पुस्तक देवघेवीच्या टेबलावर नोंद करून नेले. परत करताना मात्र मागच्या दाराने येऊन थेट कपाटात ठेवले. पुस्तक जागेवर आहे, तुमची काही लबाडी नाही. तरीही दुसरे पुस्तक मागायला गेलात, तर ग्रंथपाल म्हणणार, ‘‘आधीचे परत आलेले नाही.’’ त्यांच्या वहीपुरते ते खरेच आहे.

राउटरही अशी वही ठेवतो. ती सुरक्षेसाठी आवश्यक असते. दोन यंत्रांचे बोलणे सुरू होताना तीन पायऱ्या असतात : एकाची हाक, दुसऱ्याची ओ, पहिल्याचे ‘ऐकले’. भाच्याच्या संगणकाची हाक राउटरमार्गे पेटीकडे आणि पेटीतून कार्यालयाला गेली. राउटरने तिची नोंद केली. कार्यालयाची ओ पेटीपर्यंत आली. पेटी आणि संगणक एकाच वाड्यावरचे, तेव्हा पेटीने ती राउटरला वगळून थेट संगणकाला दिली. राउटरला ती दिसलीच नाही. मग संगणकाचे ‘ऐकले’ पुन्हा राउटरकडे आले. वहीत ओ नाही आणि हा ‘ऐकले’ म्हणतो! राउटरने ते पाकीट संशयास्पद समजून टाकून दिले. नुसत्या हाकेला तिसरी पायरी नसते, म्हणून पिंग चालत होते. प्रत्येक यंत्र आपापल्या जागी बरोबर होते. चुकले होते ते एवढेच, की जाण्याची वाट एक आणि परतीची दुसरी.

पेडण्याहून म्हापशाला जाणारा माणूस कोलवाळच्या पुलाने जाऊन चोपडे-शिवोलीच्या पुलाने परतला, तर एरवी त्याला कोणी विचारीत नाही. परंतु दोन्ही पुलांवर नाका बसला आणि प्रत्येक नाक्याची वही निराळी असली, तर तोच प्रामाणिक माणूस एका वहीत गेलेला आणि कधीच न परतलेला ठरेल.

निदान आधी, औषध मागाहून, हा क्रम आम्ही सोडला नाही. प्रथम पडताळा घेतला. भाच्याच्या संगणकालाच थेट सांगितले, की कार्यालयाची पाकिटे राउटरला न विचारता पेटीकडे दे. आता जाणे आणि येणे दोन्ही परसदारानेच. पान क्षणात उघडले. पण उपकरणांना असे काही सांगण्याची सोय नव्हती. म्हणून कायमचा उपाय वेगळा केला. पेटीला राउटरच्या निराळ्या जोडणीवर, निराळ्या वाड्यात नेऊन बसवले. तिचा पत्ता आता १९२.१६८.२ या अंकांनी सुरू होऊ लागला. त्यामुळे पेटीकडून घरात येणारे प्रत्येक पाकीट राउटरवरूनच येणार आणि वहीत दोन्ही बाजूंची नोंद होणार.

एक अडचण तरीही उरली. लहान मजकूर येई. मोठे आराखडे अर्ध्यावर थांबत. त्याचे कारणही परतीच्या वाटेवरच सापडले. साधारण पाकिटाची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. ते दुसऱ्या पाकिटात घालायचे, तर बाहेरच्या वेष्टनाला ६० ते ८० बाइट लागतात. म्हणून वायरगार्ड आतल्या पाकिटाला सहसा १४२० बाइटांची मर्यादा घालते. परसदाराची चौकट थोडी ठेंगणी, असे समजा. पाकीट मोठे असेल, तर वाटेतल्या मुक्कामाने ‘लहान करून पाठव’ अशी चिठ्ठी उलट धाडायची असते. कित्येक ठिकाणी सुरक्षेच्या अतिरेकापायी या चिठ्ठ्याच अडवल्या जातात. पाठवणारा बिचारा तेच मोठे पाकीट पुनःपुन्हा पाठवीत राहतो. बोलणे सुरू होतानाच पाकिटाचे माप लहान ठरवून घ्यावे, असे आम्ही पेटीला सांगितले आणि आराखडे येऊ लागले.

मंडळी, हे सारे तीन रात्रींचे काम. महिनाभर ते झाले नाही, कारण प्रत्येक जण जाणाऱ्या वाटेकडेच पाहत होता. निरोप गेला की आपले काम संपले, असे आपण समजतो. वास्तविक उत्तर आपल्यापर्यंत पोचेपर्यंत संभाषण झालेलेच नसते. आणि उत्तर आले नाही, तर समोरचा बोललाच नाही असे मानण्याआधी त्याचे शब्द वाटेत कुठे पडले का, हे पाहायला हवे.

आपल्या पेडणे, डिचोली, सत्तरीच्या मुलखातून माणसे बाहेर जात आली आहेत. मुंबईला गेली, पुण्याला गेली, परदेशी गेली. जाण्याच्या वाटा आपण पुष्कळ बांधल्या. परत येऊन येथेच राहायचे आणि काम मात्र जगाशी करायचे, ही वाट नवी आहे. ती अशा क्षुल्लक दिसणाऱ्या एका ओळीवर अडू शकते. म्हणून माझी ग्रंथालयाला एक विनंती आहे. जसे घराचे दाखले जपून ठेवता, तसा घरच्या जाळ्याचा नकाशाही कागदावर काढून ठेवावा, हे सभासदांना सांगावे. कोणते यंत्र, त्याचा पत्ता कोणता, त्याचे दार कोणते, एवढे लिहिले तरी पुरे. आणि तसा नकाशा कसा काढावा, हे शिकवणारा एखादा वर्ग येथे भरवावा. शिकवायला मी येईन.

आम्ही काढलेला तो कागद आजही बहिणीच्या घरी कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला आहे. तिसऱ्या रात्री काम संपले, तेव्हा तिने आम्हा दोघांसमोर चहा ठेवला आणि मुलाला विचारले, ‘‘म्हणजे आता तुला जावे लागणार नाही ना?’’ त्याने मान हलवली. भाचा आजही तेथेच आहे.