धोत्रा पिंडीवर, वारं संबळावर

मन पालटवणारी वनस्पती, ती राखणारा माणूस आणि त्याच्या तोंडून बोलणारे दैवत ही तिन्ही जगात अनेक ठिकाणी एकत्र नांदतात. दक्षिण कोलंबियातील सिबुंदोय खोऱ्यात वैदूंच्या घराशेजारी धोत्र्याच्या नात्यातली, लोंबत्या फुलांची झुडपे लावलेली असतात. त्यांचे निरनिराळे वाण फांद्या खोचून पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले आहेत आणि कोणते पान कशासाठी, हे वैदूला ठाऊक असते. मेक्सिकोतील हुआउत्ला गावची मारिया साबिना रात्रीच्या अनुष्ठानात अळिंबी खाऊन रोग्याच्या दुखण्याचे कारण सांगत असे. 1955 साली गॉर्डन वॉसन हा अमेरिकी बँकेतला अधिकारी तिच्या अनुष्ठानाला बसला, 1957 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याचा लेख आला आणि मग जगभरचे लोक तिच्या दाराशी लोटले. त्या गर्दीचा त्रास तिला आणि गावाला पुढे फार झाला.

मराठवाड्यातही ही तिन्ही आहेत, पण एका हाती नाहीत. धोत्रा शंकराच्या पिंडीवर वाहिला जातो आणि वैद्याच्या खलात कुटला जातो. माणसाच्या पोटात तो गेलाच तर घातपात, अपघात किंवा मूर्खपणा समजला जातो. अंगात येते ते संबळावर आणि हलगीवर. त्यासाठी कोणी पाला-बी खात नाही. भांग आणि मोह यांनी ही वाटणी थोडी ओलांडली आहे. त्यांचा विचार पुढे येईल.

धोत्रा सहसा कोणी मुद्दाम लावत नाही. उकिरडा, पडक्या वाड्याची भिंत, रस्त्याकडेची पडीक जागा, शेताचा बांध ही त्याची ठिकाणे. पांढरा आणि काळा असे दोन प्रकार लोक ओळखतात. काळ्याचे देठ जांभळट असतात आणि फुलालाही बाहेरून तीच छटा असते. फूल कर्ण्यासारखे, संध्याकाळी उमलणारे. फळ सुपारीहून मोठे, काटेरी. ते पिकून तडकले की आत चपट्या, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पिवळसर तपकिरी बिया दाटीने बसलेल्या दिसतात. जनावरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. पानाला उग्र, नकोसा वास येतो.

झाडाच्या सगळ्या भागांत अॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही अल्कलॉइडे असतात. मज्जातंतूंचे निरोप पोचवणाऱ्या अॅसिटिलकोलीन या द्रव्याची वाट ती अडवतात. तोंडाला कोरड पडते, गिळता येत नाही, अंग तापते, चेहरा लाल होतो, बाहुल्या मोठ्या होऊन उजेड सहन होत नाही, नाडी धावू लागते, लघवी अडते. त्यानंतर भ्रम सुरू होतो. न्यायवैद्यकाच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत या भ्रमाचे एक चित्र नेहमी येते: रोगी बोटांच्या टोकांतून नसलेले धागे ओढत राहतो, नसलेल्या सुईत दोरा ओवू पाहतो, समोर नसलेल्या माणसाशी बोलतो. शुद्धीवर आल्यावर त्याला यातले बहुधा काहीच आठवत नाही. धोत्र्याकडे ‘ज्ञान देणारी वनस्पती’ म्हणून पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी ती ही विस्मृती. जे आठवतच नाही त्यातून शिकायचे काय? शिवाय अल्कलॉइडांचे प्रमाण झाडागणिक, ऋतूगणिक आणि झाडाच्या भागागणिक बदलते, म्हणून सुरक्षित मात्रा अशी काही सांगता येत नाही. कॅलिफोर्नियातील चुमाश लोक वयात येणाऱ्या मुलांना धोत्रा देत, पण तो देणारे जाणते वडीलधारे असत. कार्लोस कास्तानेदाच्या 1968 च्या पुस्तकाने धोत्र्याला तरुणांत मोठे वलय मिळवून दिले. त्या पुस्तकातल्या गुरूचे अस्तित्वच अनेक मानववंशशास्त्रज्ञ मान्य करत नाहीत.

आपल्याकडे धोत्र्याचा लिखित इतिहास बराचसा चोरीचा आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही त्याचे जाणे-येणे होते. 1563 साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधींवरील संवादग्रंथात, घरातले नोकर मालकाला अन्नातून धोत्रा घालून लुटतात आणि खाणारा हसत सुटतो, अशी माहिती आहे. 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच माणसानेही नवऱ्यांना धोत्रा चारणाऱ्या बायकांच्या गोष्टी लिहून ठेवल्या. त्यातला मीठमसाला किती हे वाचकाने ठरवावे. एकोणिसाव्या शतकात वाटसरूंशी ओळख काढून मिठाईतून धोत्र्याचे बी देणारे ठग हा पोलिसांच्या डोक्याचा ताप होता. म्हणूनच मिरचीचे बी आणि धोत्र्याचे बी वेगळे कसे ओळखावे, हा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा जुना परीक्षेचा प्रश्न आहे. मिरचीचे बी तिखट असते, धोत्र्याचे कडू.

अपघाताची बाजू लातूरला अधिक जवळची आहे. सोयाबीनच्या शेतात धोत्रा राहून गेला आणि कापणीत सापडला, तर मळणीयंत्रातून त्याचे बी धान्यात उतरते. 2019 साली युगांडात जागतिक अन्न कार्यक्रमाने वाटलेल्या मका-सोयाच्या पूरक आहारात धोत्र्याची हीच अल्कलॉइडे आढळली. सुमारे तीनशे लोक आजारी पडले आणि पाच जण दगावले. सोयाबीनची मोठी बाजारपेठ असलेल्या लातुरात या घटनेची फारशी चर्चा झाली नाही, हे नवलच. काढणीआधी बांधावरचा धोत्रा उपटणे हा खर्चाचा नव्हे, लक्षाचा भाग आहे.

आयुर्वेदाने धोत्र्याला उपविषांत बसवले. रुई, शेर, कळलावी, गुंज, कण्हेर आणि अफू हे त्याचे सोबती. बियांचे शोधन केल्याशिवाय त्या औषधात घेत नाहीत; त्यासाठी गोमूत्राचा किंवा दुधाचा संस्कार सांगितला आहे. दम्यावरचा कनकासव हे धोत्र्याचे प्रसिद्ध औषध. श्वासनलिका सैल करण्याचा अॅट्रोपिनचा गुण आधुनिक वैद्यकालाही मान्य आहे. 1802 च्या सुमारास मद्रासहून दम्यासाठी धोत्र्याचा धूर घेण्याची रीत इंग्लंडात गेली आणि पुढे शतकभर युरोपात दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. भारतात औषध नियमांच्या ‘ई-1’ परिशिष्टात धोत्रा, भांग, गुंज यांची नावे विषारी द्रव्ये म्हणून आहेत आणि अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते.

राहिला शंकर. महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वर-रत्नेश्वराच्या यात्रेत, परळीला, औंढ्याला बेलासोबत धोत्र्याचे फूल आणि हिरवे फळ वाहतात. हलाहल पचवलेल्या देवाला विषारी झाडच प्रिय असणार, अशी लोकांची उपपत्ती. गावच्या देवळात विष आणले जाते, पण देवापुढे ठेवून तिथेच सोडले जाते. पिंडीवरचा धोत्रा प्रसाद म्हणून कोणी खात नाही. मुलांनाही फूल हाताळल्यावर हात धुवायला सांगतात. ओळख पक्की आणि अंतरही पक्के, असा हा संबंध आहे.

आता दुसरी बाजू. तुळजाभवानीचे आराधी लातूर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यात गावोगाव आहेत. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळी मळवट, तेलात भिजवलेला पेटता पोत. नवरात्रात मेळा बसतो, संबळ, तुणतुणे आणि झांजेवर गाणी सुरू होतात. लय चढत जाते आणि एखाद्या बाईच्या किंवा पुरुषाच्या अंगात वारं येतं. मान घुमू लागते, केस सुटतात, श्वास हुंकारात बदलतो. कोणी तरी पुढे होऊन कुंकू लावते, पोत समोर धरते आणि ‘आई, काय चुकलं?’ असे विचारते. उत्तर तुटक येते: नवस राहिला, कुळाचार चुकला, पोराला घेऊन तुळजापूरला या. वारं उतरले की तीच व्यक्ती थकून खाली बसते, पाणी मागते. या सगळ्यात नऊ दिवसांचा उपास, जागरण, धुराची कोंडी आणि माणसांची दाटी यांचा वाटा असतो, वनस्पतीचा नसतो. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळीच्या दिमडीवर, किंवा पोतराजाच्या कोरड्याच्या फटक्यावर जे घडते त्याचीही जात हीच.

शामान, म्हणजे आत्मलोकाशी बोलणारे वैदू, यांच्या परंपरेचा अभ्यासक मिर्चा एलियाडे याने 1951 च्या ग्रंथात आत्म्याने शरीर सोडून प्रवासाला जाणे हे शामानाचे खास लक्षण मानले आणि मादक द्रव्यांचा आधार ही उतरती कळा ठरवली. वॉसनला हे मुळीच पटले नाही. 1968 साली त्याने वेदांमधला सोम म्हणजे लाल टोपीची अळिंबीच, असा पक्ष मांडला. सोमयाग करणारे आजचे महाराष्ट्रातले याज्ञिक दख्खनच्या खडकाळ टेकड्यांवरची, पाने नसलेली सोमवल्ली वापरतात, आणि तिने कोणाला झिंग येत नाही. आराध्यांच्या बाबतीत एलियाडेची व्याख्याच उलटी बसते: इथे माणूस कुठे जात नाही, देवी येते. संगीतानेच भान हरपते असेही म्हणता येत नाही. झिल्बेर रुझे या फ्रेंच अभ्यासकाने 1980 साली जगभरची उदाहरणे तपासून दाखवले की कोणताही ताल आपोआप अंगात आणत नाही. मेळ्यातही हे दिसते. संबळ शंभर जण ऐकतात, वारं दोघाचौघांना येतं, आणि तेही बहुतेक वेळा ज्यांच्या घरात ते पूर्वी आले आहे त्यांना.

माहूरच्या रेणुकेचा प्रसाद मात्र वनस्पतीचाच आहे, तो म्हणजे तांबूल. नागवेलीची पाने, सुपारी, कात, चुना एकत्र कुटून केलेला हा विडा भाविक तोंडात धरतात. गंमत अशी की सुपारीतले अॅरेकोलीन पेशींवरच्या नेमक्या त्याच निरोप-ग्राहकांना चेतवते ज्यांना धोत्रा बंद पाडतो; एकाने तोंडाला पाणी सुटते, दुसऱ्याने कोरड पडते.

माहूरच्या पुढे किनवटचे जंगल लागते. किनवट तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि निजामाच्या राज्यातल्या गोंडांवर क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ याने 1940 च्या दशकात केलेला अभ्यास याच डोंगररांगेतला आहे. गोंडांत भक्तल अंगात आलेल्या देवाचे बोलणे सांगतो. मोहाची दारू आधी देवाला आणि पूर्वजांना शिंपडायची, मग पंगतीत फिरवायची, अशी रीत. मोहाचे झाड कोणी लावलेले नसले तरी कोणत्या झाडाखालची फुले कोणाच्या घराने वेचायची हे ठरलेले असते. चैत्राच्या आगेमागे पहाटे फुले गळतात, बायका टोपल्या घेऊन निघतात आणि वेचायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा झाडून किंवा जाळून जागा साफ करतात. वाळवलेले फूल दारूसाठी जाते तसे भाकरीतही जाते. दुष्काळात ते अन्नच असते.

भांगेचे प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचे. ओर्ताने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाची एक आठवण नोंदवली आहे: रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान पाहायची लहर आली की थोडी भांग खाल्ली की झाले, असे त्याने मार्तिम अफोन्सो द सोझाला सांगितले होते. गोसावी आणि बैरागी चिलमीला ओली साफी गुंडाळून शंकराचे नाव घेत दम मारतात. तिथे झाड आणि दैवत खरेच एकत्र येतात. तरी हा दम मारणारा गावाचे प्रश्न सोडवत नाही, त्याला कोणी कौल लावत नाही. 1893-94 च्या भारतीय भांग आयोगाने एक हजाराहून अधिक साक्षी घेऊन, माफक सेवनाने विशेष हानी होत नाही आणि बंदीपेक्षा परवाना व कर बरा, असा निष्कर्ष काढला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांनी भांगेच्या धार्मिक स्थानावर लिहिलेले टिपण त्या अहवालाला जोडलेले आहे. लागवड तेव्हा परवान्याने अहमदनगर भागात होई, बंगालमध्ये नौगावला होई. नौगावकडे शेतातली नर झाडे ओळखून उपटणारा वेगळा जाणकार असे, कारण एखादा नर राहिला तरी साऱ्या मादी झाडांत बी धरून माल बिघडे. झाडाशी इतकी बारीक ओळख धोत्र्याच्या वाट्याला कधी आली नाही.

आज या झाडाला 1985 चा अमली पदार्थ कायदा लागू आहे. त्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्याची आहे. शेंड्याशिवायचे पान आणि बी तिच्या बाहेर राहते, म्हणून भांग त्या कायद्यात येत नाही, महाराष्ट्रात ती दारूबंदी कायद्याच्या परवान्याखाली येते. पण परवान्याशिवाय झाड लावणे मात्र गुन्हा आहे: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तुरीत किंवा उसात आडोशाला लावलेली झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या मराठवाड्यातून दरवर्षी येतात. आपल्या जमिनीत अशी लागवड दिसली तर ती कळवण्याची जबाबदारी कलम 46 ने जमीनमालकावर टाकली आहे. मारिया साबिनाच्या अळिंबीतले सिलोसायबिन हेही अमली पदार्थ कायद्याच्या यादीत आहे. धोत्रा नाही, आणि सिबुंदोयच्या वैदूंचे लोंबत्या फुलांचे झुडूप शोभेचे म्हणून बागांतून लावले जाते. अंगात येण्याबाबतचा कायदा 2013 चा, जादूटोणाविरोधी. अंगात शक्ती आल्याचा भास निर्माण करून इतरांना भीती घालणे किंवा धमकावणे हा त्यात गुन्हा आहे. मेळ्यात संबळावर घुमणे नाही.