फुर्व्हिएरची प्रदक्षिणा

फ्रान्स देशाचें नांव निघालें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें पॅरिस उभें राहतें. परंतु पॅरिसच्या आग्नेयेस सुमारें चारशें किलोमीटरांवर ल्यों नांवाचें एक प्राचीन शहर आहे. रेशमी कापडासाठीं त्याची कीर्ति मोठी. सोन व ऱ्होन या दोन नद्या येथें एकमेकींस मिळतात आणि सोनच्या पश्चिम तीरावर, अगदी पाण्यालगत, फुर्व्हिएर नांवाची टेकडी उभी आहे. नदीपासून तिची उंची शंभर मीटरांहून थोडी अधिक. एका वाटेनें वर चढून दुसऱ्या वाटेनें पुन्हां पायथ्याशीं यावें, अशी तिची प्रदक्षिणा करतां येते. सावकाश चालणाऱ्यास अर्धा दिवस पुरतो. तेवढ्यांत दोन हजार वर्षांचा इतिहास भेटतो आणि टेकडीच्या पोटांत वाहणाऱ्या पाण्याची कहाणीहि कळते.

आरंभ सँ झाँच्या कॅथीड्रलपासून करावा. हें मंदिर बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधावयास घेतलें. तें पुरें होण्यास सुमारें तीनशें वर्षें लागलीं. १६०० सालीं फ्रान्सचा राजा चौथा हेन्री व मारी द मेदिची यांचा विवाहविधि येथेंच झाला. मंदिराच्या मागें चढ लगेच सुरू होतो. ज्यांना तो सोसत नाहीं, त्यांच्यासाठीं दोरानें ओढली जाणारी गाडी आहे. तिला ल्योंचे लोक लाडानें 'फिसेल', म्हणजे दोरी, म्हणतात. पायीं जाणाऱ्यानें मात्र पायऱ्यांची वाट धरावी व जपमाळेची बाग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उद्यानांतून वळणें घेत माथा गांठावा.

माथ्यावर नोत्रदामचें पांढरेंशुभ्र मंदिर आहे. १८७० सालीं प्रशियाशीं युद्ध चाललें असतां ल्योंच्या भाविकांनीं नवस केला कीं, शत्रु शहरांत न शिरला तर माउली मेरीला मोठें मंदिर बांधूं. शत्रु आला नाहीं. १८७२ त काम सुरू झालें आणि १८९६ त मंदिराचें अर्पण झालें. त्याचे चार कोपऱ्यांवरील चार मनोरे पाहून तेथील विनोदी लोक त्याला 'उलटा पडलेला हत्ती' म्हणतात. शेजारीं जुनें प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या मनोऱ्यावरील मेरीच्या सोनेरी मूर्तीचा समारंभ १८५२ च्या सप्टेंबरांत व्हावयाचा होता. पण सोन नदीला पूर आला, मूर्तीचें काम अडलें आणि समारंभ ८ डिसेंबरवर गेला. त्या दिवशींहि वादळ उठलें. संध्याकाळीं आभाळ निवळतांच लोकांनीं आपण होऊन खिडक्याखिडक्यांतून दिवे लावले. तेव्हांपासून ८ डिसेंबरला ल्योंमध्यें दिव्यांचा उत्सव होतो.

मंदिराजवळच्या कठड्यापाशीं उभें राहिलें म्हणजे सर्व शहर पायांखालीं दिसतें. प्रथम सँ झाँ वस्तीचीं तांबडीं कौलें, मग सोन नदी, पुढें दोन नद्यांमधील चिंचोळी भूमि व तीवर चौदाव्या लुईच्या अश्वारूढ पुतळ्याचा विस्तीर्ण चौक, त्यापलीकडे ऱ्होन. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेच्या क्षितिजावर माँ ब्लाँचें हिमशिखर चमकतें. डाव्या हाताला क्र्वा-रूस ही दुसरी टेकडी दिसते. जॅकार्डचे उंच माग मावावेत म्हणून तेथील घरें उंच छताचीं बांधलेलीं आहेत. पोटाला पुरेल इतकी मजुरी मिळावी म्हणून तेथील विणकर १८३१ त आणि पुन्हां १८३४ त उठले होते. म्हणून ल्योंमध्यें म्हणतात, फुर्व्हिएर ही प्रार्थना करणारी टेकडी आणि क्र्वा-रूस ही काम करणारी.

येथून दक्षिणेस थोडें उतरलें कीं रोमन नाट्यगृह लागतें. इ. स. पूर्व ४३ त मुनातियस प्लांकस यानें या टेकडीवर लुग्दुनुम नगर वसविलें. नाट्यगृहांत सुमारें दहा हजार प्रेक्षक बसत. शेजारीं एक लहान संगीतगृहहि होतें. शतकानुशतकें हें सर्व मातीखालीं गेलें होतें. एदुआर एरियो नगराध्यक्ष असतां १९३३ सालीं मोठें उत्खनन सुरू झालें आणि दगडी पायऱ्या पुन्हां उजेडांत आल्या. आतां उन्हाळ्यांत तेथें नाटकें व संगीताचे जलसे होतात.

एवढ्या उंचावर नगर वसवावयाचें तर पाणी कोठून आणावें? रोमन लोकांनीं दूरच्या डोंगरांतून चार जलमार्ग आणले. त्यांतील झिये नांवाचा सर्वांत लांब जलमार्ग सुमारें पंच्याऐंशी किलोमीटरांचा होता; वाटेंतील दऱ्या त्यांनीं शिशाच्या नळांनीं ओलांडल्या. पुढें साम्राज्य ढासळलें, जलमार्ग बंद पडले आणि वस्ती नदीकाठीं उतरली. परंतु पावसाचें पाणी टेकडींत मुरतच राहिलें. तें वाहून नेण्यासाठीं खोदलेलीं जुनीं भुयारें टेकडीच्या पोटांत होतीं. त्यांची निगा मात्र राहिली नाहीं.

नाट्यगृहाकडून आंतिकाय या जुन्या रुग्णालयाच्या इमारतीवरून 'नवा रस्ता' नांवाच्या उताराला लागावें. १९३० च्या शरद ऋतूंत पाऊस फार झाला होता. १२ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर टेकडीचा उतार सुटला आणि झोपलेल्या घरांवर कोसळला. अग्निशामक दलाचे लोक धांवून आले व ढिगाऱ्याखालचीं माणसें काढूं लागले. इतक्यांत दरड पुन्हां कोसळली आणि मदतीस आलेलेच तिच्याखालीं सांपडले. त्या रात्रीं सुमारें चाळीस माणसें गेलीं. त्यांत एकोणीस अग्निशामक होते.

या अनर्थानंतर नगरपालिकेनें उतारांवर देखरेख ठेवण्यासाठीं तज्ज्ञांची एक कायम समिति नेमली. टेकडीच्या उतारावर कांहीं बांधावयाचें झाल्यास आजहि तिचा सल्ला घेतला जातो, आणि पोटांतील भुयारांत माणसें उतरून पाण्याला वाट मोकळी आहे कीं नाहीं हें पाहतात. यांचें काम कोणा प्रवाशाच्या दृष्टीस पडत नाहीं. पण मंदिर, नाट्यगृह आणि पायथ्याचीं घरें त्याच कामाच्या आधारावर उभीं आहेत.

'नवा रस्ता' उतरून प्रवासी पुन्हां सँ झाँच्या चौकांत येतो. कॅथीड्रलसमोर कॉफीच्या दुकानांत गर्दी असते, मुलें कारंज्याभोंवतीं खेळत असतात. तेथें क्षणभर थांबून त्यानें मागें वळून टेकडीकडे पाहावें, आणि माथ्यावरच्या सोनेरी मूर्तीबरोबर त्या एकोणीस जणांचेंहि स्मरण करावें.