जीवाश्मांची साक्ष आणि वटावाचा हिशेब

(अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मी अर्थशास्त्राचा शिक्षक. तरीही आज जीवाश्मांविषयी बोलणार आहे. कारण मी वर्षानुवर्षे वर्गात शिकविलेले एक सूत्र त्यांच्या साक्षीपुढे टिकत नाही.

ते सूत्र वटावाचे. शंभर वर्षांनी होणाऱ्या १०० रुपयांच्या हानीची आजची किंमत, दरसाल ५ टक्के वटाव धरल्यास, अवघी ७६ पैसे भरते. हवामानविषयक धोरणाचा हिशेब असा मांडला, की पुढल्या पिढ्यांचे दुःख कवडीमोल ठरते आणि आजचा नफा शाबूत राहतो.

आता जीवाश्म काय सांगतात ते पाहा. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी हवेत व समुद्रात प्रचंड कर्ब मिसळला. अंटार्क्टिकाजवळच्या सागरतळातील सूक्ष्मजीवांच्या कवचांत त्याची खूण आढळल्याचे १९९१ साली प्रसिद्ध झाले. पृथ्वीचे तापमान ५ ते ६ अंशांनी चढले. खोल समुद्रातील सूक्ष्मजीवांच्या कित्येक जाती नष्ट झाल्या. अमेरिकेतील वायोमिंगमध्ये सापडलेल्या दातांवरून दिसते, की तेथील आदिम घोडा आकाराने सुमारे ३० टक्क्यांनी घटला. पानांच्या ठशांवर कीटकांनी कुरतडल्याच्या खुणा वाढल्या. ही घडी पुन्हा बसण्यास दीड-दोन लाख वर्षे लागली. कोणत्या वटावाच्या दरात ही मुदत मावेल?

त्या वेळी कर्ब मिसळण्याचा वेग वर्षाला फार तर १ अब्ज टनांच्या आसपास असावा, असे २०१६ सालचे एक संशोधन सांगते. आज कोळसा, तेल व वायू जाळून वर्षाला सुमारे १० अब्ज टन कर्ब सोडला जातो. शिवाय तेव्हा प्राणी-वनस्पतींना सरकण्यास भूमी मोकळी होती. आज वाटेत शेते, शहरे आणि कुंपणे आहेत.

म्हणून धोरणाने दोन गोष्टी मानल्या पाहिजेत. उत्सर्जन किती, इतकेच ते किती वेगाने, हेही महत्त्वाचे. तेव्हा कपात पुढे ढकलणे ही काटकसर नव्हे. आणि भरून न येणाऱ्या हानीला वटाव लावू नये. ब्रिटनमधील २००६ सालच्या स्टर्न अहवालाने वटाव अगदी अल्प धरला, तेव्हा तातडीचे उपायच स्वस्त ठरले. त्यावर अर्थतज्ज्ञांत वाद झडला. तो वरवर गणिताचा होता. मुळात प्रश्न न्यायाचा होता.

जे अजून जन्मले नाहीत, आणि ज्यांच्याकडे छप्परही धड नाही, त्यांच्या वतीने वटावाचा दर ठरविण्याचा अधिकार आम्हा अर्थशास्त्र्यांना कोणी दिला? मी हा प्रश्न वर्गात कधी विचारला नाही. तुम्ही तो विचारा.