मुक्त सॉफ्टवेअर आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहीजणींनी तोंडाला पदर लावला, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. “ते संगणकाचे आपल्याला काय कळणार?” असे एका वडीलधाऱ्या भगिनीने मला विचारलेही. म्हणून आधी आपल्या मंडळातलीच गोष्ट सांगते.

गेल्या वर्षी स्मरणिकेतले जुने लेख एकत्र करायचे ठरले. आपल्या एका दिवंगत भगिनीने जात्यावरच्या ओव्यांविषयी लिहिलेला लेख त्यात हवाच होता. संगणकात फाईल सापडली, पण ती काही केल्या उघडेना. ज्या विकतच्या सॉफ्टवेअरवर ती केली होती, ते आता आपल्यापैकी कोणाकडेच नव्हते. लेख आपला, श्रम आपले. आणि किल्ली मात्र परक्याच्या हाती! एकीच्या ट्रंकेत छापील अंक निघाला म्हणून निभावले. तिघीजणींनी तीन दुपारी बसून तो लेख पुन्हा उतरवला. अंक मिळाला नसता तर? त्या बाईंचे शब्द त्यांच्यामागे कायमचे गेले असते.

यावर उपाय आहे, आणि तो मुक्त सॉफ्टवेअरचा. उन्हाळ्यात आपण बिबडे करतो. जळगावची जाऊ धुळ्याच्या नणंदेला कृती सांगते, ती आपल्या घरच्या चवीप्रमाणे तीळ-लसूण कमीजास्त करते आणि पुढे शेजारणीला सांगते. कोणी कोणाची परवानगी मागत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. त्याची मूळ कृती, म्हणजे ज्या आज्ञांवर ते चालते त्या, सर्वांना पाहायला खुल्या असतात. जाणत्याने त्या तपासाव्या, सुधाराव्या आणि इतरांना वाटाव्या, अशी परवान्यातच मुभा असते.

लिब्रे ऑफिस हे त्यातलेच एक. पत्र लिहावे, भिशीचा हिशेब मांडावा, स्मरणिकेचा मजकूर तयार करावा, एवढी आपली कामे त्यात होतात. २०१० साली ते सुरू झाले. जर्मनीतील एक विश्वस्त संस्था त्याची काळजी वाहते आणि देशोदेशीचे लोक त्यावर खपतात. त्यातल्या सूचना मराठीतही दिसतात. त्याच्या फाईलची रचना जाहीर केलेली आहे आणि २००६ पासून ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य आहे. त्यामुळे उद्या हे सॉफ्टवेअर नाहीसे झाले, तरी दुसऱ्या कोणालाही ती फाईल उघडण्याचे साधन करता येईल. आपल्याला हवे होते ते हेच!

मग इतकी चांगली वस्तू घरोघरी का नाही? कारण ती करणारे करण्यात गुंतलेले असतात आणि सांगणारे थोडे. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंचेच पाहा. त्या शेतात, जात्यावर गाणी रचीत. चिरंजीव सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू यांनी ती टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. सोने घरातच होते. ते बाहेर नेणारे कोणीतरी लागले.

परदेशातही असेच घडले. फायरफॉक्स नावाचे मुक्त सॉफ्टवेअर २००४ च्या नोव्हेंबरात आले. जाहिरातीसाठी त्यांच्यामागे धनको नव्हता. तेव्हा हजारो साध्या माणसांनी वर्गणी काढली आणि १६ डिसेंबरला न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात दिली. वर्गणी देणाऱ्यांची नावे त्या जाहिरातीतच छापली होती. गणपतीच्या वर्गणीहून हे निराळे ते काय?

आपल्याला वर्तमानपत्राची पाने नकोत. आपल्याकडे हळदीकुंकू आहे. मात्र सांगण्याची रीत सांभाळावी. “फुकट आहे” म्हणून आरंभ करू नये. फुकटच्या वस्तूवर आपल्या लोकांचा विश्वास बसत नाही. समोरचीची अडचण आधी ऐकावी. मुलाचा अर्ज टाइप करायचा आहे, की पापडाच्या गृहोद्योगाचा हिशेब? तेवढेच काम तिच्याशेजारी बसून करून दाखवावे. उणिवाही लपवू नयेत: दुसऱ्या सॉफ्टवेअरमधली फाईल यात उघडली तर कधीकधी मांडणी विस्कटते. हे आधीच सांगितले तर पुढे बोल लागत नाही. आणि ते संस्थेच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे. अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या वस्तूत विष असू शकते.

आणखी एक. एखादा मराठी शब्द खटकला तर नुसती नावे ठेवू नका. योग्य शब्द सुचवून कळवा. ही भाषांतरे हौसेने काम करणारी माणसेच करतात. तिथे ज्याला घरगुती मराठी येते त्याचाही उपयोग आहे, मग आपला का नसावा?

मंडळाचा हिशेब आणि पुढच्या स्मरणिकेचा मजकूर आपण यातच करावा, अशी माझी सूचना आहे. प्रत्येकीने वर्षभरात फक्त एका शेजारणीला हे शिकवावे. त्या दिवंगत भगिनीचा लेख या अंकात पुन्हा छापला आहे. तो वाचताना माझे म्हणणे आठवावे, एवढीच विनंती.