गप्पांतून गगनाकडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मीही चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणची-मसाले किंवा शिवणकाम यांवर बोलले असते, तर आपण निःशंकपणे ऐकले असते. पण आज मी अग्निबाणांविषयी बोलणार आहे. हसू नका! अग्निबाण आकाशात कसे गेले याची हकीगत पाहिली, तर तिची सुरुवात मोठ्या सरकारी कचेरीत झालेली दिसत नाही. चार हौशी माणसे कामधंदा आटोपून संध्याकाळी जमत, गप्पा मारीत आणि गोष्टी लिहीत, तेथे ती झालेली दिसते. बायका जमल्या की नुसत्या गप्पाच मारतात, असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. तेव्हा या गप्पांचे पुढे काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे.

१९२७ सालची गोष्ट. जर्मनीत ब्रेस्लाऊ नावाचे शहर होते. आज ते पोलंडमध्ये आहे. तेथे ५ जुलै रोजी एका खानावळीत काही मंडळी जमली आणि त्यांनी अंतराळप्रवासासाठी एक मंडळ स्थापन केले. सभासद, वर्गणी, मासिक, सारे आपल्यासारखेच. त्यांना वेड लावले होते हेर्मान ओबेर्थ यांच्या १९२३ सालच्या पुस्तकाने. या ओबेर्थांचा प्रबंध विद्यापीठाने नाकारला होता, म्हणून त्यांनी तो पुस्तकरूपाने छापला आणि पुढे ते शाळेत शिकवू लागले. मंडळाला मात्र त्या पुस्तकातली गणिते पटली.

आता या हकीगतीत एक बाई येते. तिचे नाव थेआ फोन हार्बू. ती कादंबऱ्या लिही, आणि तिचे पती फ्रिट्झ लांग चित्रपट काढीत. दोघे मिळून पटकथा रचत. तिने चंद्रप्रवासाची गोष्ट लिहिली आणि तिच्यावर लांग यांनी ‘फ्राऊ इम मोंट’, म्हणजे ‘चंद्रावरची स्त्री’, हा चित्रपट काढला. शास्त्रातले चुकू नये म्हणून ओबेर्थ यांना आणि त्या मंडळाचे एक सभासद विली लाय यांना सल्ल्याला बोलावले. १५ ऑक्टोबर १९२९ रोजी बर्लिनमध्ये तो प्रथम दाखवला गेला.

या सल्ल्याचा उपयोग काय झाला पाहा. चित्रपटातला अग्निबाण टप्प्याटप्प्यांचा आहे. एका टप्प्याचे इंधन संपले की ती टाकी गळून पडते. आपण प्रवासात रिकामा डबासुद्धा टाकत नाही, घरी परत आणतो. पण वर चढणाऱ्या अग्निबाणाला रिकाम्या टाकीचे ओझे परवडत नाही. उड्डाणाच्या वेळी अंगावर भार येतो, म्हणून प्रवासी आडवे झोपतात. पुढे वजन नाहीसे होते, म्हणून पाय अडकवायला जमिनीला पट्टे आहेत. हे सारे माणूस अंतराळात जाण्याच्या तीस वर्षे आधी!

गोष्टीनेही शास्त्राला एक देणगी दिली. उड्डाणापूर्वीचे आकडे त्या चित्रपटात उलटे मोजले आहेत. एक, दोन, तीन असे मोजत गेले तर कुठे थांबायचे ते प्रेक्षकाला कळत नाही. पण शून्याकडे येत गेले की श्वास रोखला जातो, असे लांग यांनी पुढे सांगितले. श्रीहरिकोट्याहूनही आपण तीच उलटी मोजणी ऐकतो. अनेक उड्डाणांच्या वेळी तो आवाज एन. वलरमती या बाईंचा असे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या वारल्या.

थेआबाईंनी चंद्रावर हवाही दाखवली आहे. ती तेथे नाही. पात्रांनी तोंड झाकून बोलायचे कसे, हा गोष्टीचा प्रश्न होता. तेवढी सवलत गोष्टीने घेतली. या बाईंचा आपल्या बाजूशीही संबंध आला. लांग यांच्यापासून वेगळ्या झाल्यावर त्यांनी बेळगावकडचे पत्रकार अयी तेंडुलकर यांच्याशी गुपचूप लग्न केले.

आता समुद्रापलीकडे न्यूयॉर्कला जाऊ. तेथे ४ एप्रिल १९३० रोजी असेच एक मंडळ निघाले. आरंभीचे बारा सभासद, त्यांत अकरा पुरुष आणि एक बाई. बहुतेक सगळे विज्ञानकथांच्या मासिकात लिहिणारे. त्यांनी जानेवारी १९३१ मध्ये तेथील एका मोठ्या संग्रहालयात हाच चंद्राचा चित्रपट दाखवला, तर इतकी गर्दी लोटली की खेळ दोनदा करावा लागला. त्याच वर्षी त्या मंडळातले पेंड्रे पति-पत्नी बर्लिनला गेले व तेथील मंडळाची खटपट डोळ्यांनी पाहून आले. मग न्यूयॉर्ककरांनी कागद बाजूला ठेवून हात काळे केले. १४ मे १९३३ रोजी त्यांचा अग्निबाण सुमारे अडीचशे फूट चढला आणि फुटला. एवढ्या लहान यशाने त्यांचा उत्साह मावळला नाही.

अडचण अशी होती की आतल्या जाळाने नळीच वितळे. त्यांच्यातल्या जेम्स वाइल्ड यांनी १९३८ मध्ये त्यावर उपाय केला. जे इंधन जाळायचे, तेच आधी भट्टीभोवतीच्या दुहेरी भिंतीतून फिरवायचे. भिंत थंड राहते आणि इंधन तापून आत येते. आपला पाण्याचा बंब आठवा, मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी! १९४१ मध्ये त्यांनी व आणखी तिघा सभासदांनी मिळून कारखाना काढला. त्या कारखान्याच्या इंजिनावर १४ ऑक्टोबर १९४७ रोजी माणूस पहिल्यांदा सरळ उड्डाणात आवाजापेक्षा जास्त वेगाने गेला.

इंग्लंडमध्ये १९३३ साली लिव्हरपूलला मंडळ निघाले. तेथे तर १८७५ सालच्या स्फोटकांच्या कायद्यामुळे खाजगी माणसाला अग्निबाण करण्याचीच बंदी. मग त्यांनी काय केले? बोलत राहिले, हिशेब करीत राहिले, आणि १९३९ साली चंद्रावर जायच्या यानाचा आराखडा छापून मोकळे झाले. आर्थर क्लार्क हे त्यांच्यातलेच. गोष्टी लिहिणारे आणि गणितेही करणारे. पृथ्वीपासून सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरचा उपग्रह एकाच जागी स्थिर दिसेल, आणि असे तीन उपग्रह साऱ्या जगाला संदेश पोचवतील, असा लेख त्यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये लिहिला. आपल्या छपरावरची टीव्हीची छत्री एकाच दिशेला तोंड करून बसते, ती याच कारणाने.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. मुंबईत १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. १९७४ मध्ये तिला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिले बक्षीस तिला मिळाले आणि मग कळले की जगताप म्हणजे जयंत नारळीकर! आपली आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण गोष्ट नावावर खपू नये, गुणांवर टिकावी, असे त्यांना वाटले.

आता आमच्याविषयी. गेले वर्षभर शनिवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर पाच-सहाजण जमतात. शेजारचे निवृत्त गुरुजी, माझी नववीतली मुलगी, तिच्या दोन मैत्रिणी, विजेची कामे करणारा एक मुलगा आणि मी. गुरुजी वाचून दाखवतात, मुली मोबाइलवर पडताळून पाहतात. आत्तापर्यंत मी सांगितले ते सगळे तेथेच शिकले. आणि आम्ही सगळे मिळून एक गोष्ट लिहितो. चंद्रावरच्या वस्तीत आपल्याकडची एक बाई स्वयंपाकाला आहे, अशी.

पहिल्या प्रकरणात मुलीने त्या बाईला चुलीवर वरण शिजवायला बसवले. विजेचा मुलगा म्हणाला, “विस्तवाला हवा कुठून आणशील?” म्हणून चूल जाऊन विजेची शेगडी आली. गुरुजी म्हणाले, अपोलो यानात प्रवासात आतल्या हवेचा दाब आपल्या इथल्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ठेवत असत. आपल्या वस्तीतही तसाच ठेवू. मी विचारले, “मग पाणी कितीवर उकळेल?” महाबळेश्वरला डाळ शिजायला वेळ लागतो, हे मला माहीत होते. मुलींनी आकडा काढला, सुमारे ७२ अंश. म्हटले, “एवढ्यावर तूरडाळ जन्मात शिजायची नाही. कुकर न्या!” सगळे हसले, पण कुकर गोष्टीत गेला, आणि पुढे तो बिघडतो यावरच आमचे तिसरे प्रकरण उभे आहे.

पाण्याचा हिशेबही माझ्याकडेच आहे. अंतराळस्थानकात माणशी दिवसाला सुमारे पावणेचार लिटर पाण्याची गरज धरतात, आणि घाम व मूत्र धरून जवळजवळ सगळे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांवर पोचले. टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला या आकड्याचे मोल कोणी समजावून सांगायला नको.

असे सगळे असूनही गेल्या दिवाळीनंतर एका मैत्रिणीला घरच्यांनी यायचे बंद केले. “मुलीच्या जातीला चंद्राशी काय करायचे आहे? अंधार पडल्यावर ओट्यावर कसल्या गप्पा?” असे बोलणे झाले. त्या घराला मी नावे ठेवणार नाही. मुलीची काळजी सगळ्यांनाच असते. पण तीच मुलगी आमच्यात सर्वांत जलद गणित करी. आठव्या प्रकरणातला हिशेब अजून तसाच पडून आहे.

मैत्रिणींनो, या हकीगतीची काळी बाजूही सांगितली पाहिजे. बर्लिनच्या मंडळाकडे एक मैदान होते. पैसा नव्हता, बेकार कारागीर तेथे फुकट राबत. पाण्याचे थकलेले बिलही त्या मैदानाच्या शेवटाचे एक निमित्त झाले. त्याआधी १९३२ मध्येच त्यांच्यातला वेर्नर फोन ब्राउन हा हुशार तरुण लष्कराकडे गेला होता. तेथे सगळे गुप्त. विली लाय १९३५ मध्ये देश सोडून गेले. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी लष्कराचा मोठा अग्निबाण यशस्वी झाला, तेव्हा त्याच्या अंगावर त्या चित्रपटाची खूण, चंद्र आणि स्त्री, रंगवलेली होती. ८ सप्टेंबर १९४४ पासून तेच अग्निबाण लंडनवर पडू लागले. इंग्लंडात अडीच हजारांवर माणसे मेली. ते बनवण्यासाठी डोरा येथील छावणीत कैदी राबवले. त्या छावणीत सुमारे साठ हजार कैदी आणले गेले, त्यांतले सुमारे वीस हजार मेले. थेआबाईही नाझी पक्षाच्या सभासद झाल्या होत्या. गोष्ट सुंदर लिहिता आली म्हणून माणसाला सगळे उमगतेच असे नाही.

मला यातून एवढेच समजले. उघड्या दाराच्या गप्पांत कोणीही मध्येच विचारू शकतो, “हे खरेच होईल का?” आणि “हे कोणासाठी, कोणाच्या जिवावर?” पहिला प्रश्न शिकलेला माणूस विचारील. दुसरा विचारायला सातवीही पुरते. दार लावले की आधी दुसरा प्रश्न बंद होतो. म्हणून आमच्यासारख्यांनी त्या गप्पांत बसले पाहिजे आणि मुलींना बसवले पाहिजे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ उतरले, तेव्हा याच सभागृहात आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांनी आपल्या मुलींना हिशेबाला बसू द्यायला काय हरकत आहे?

तेव्हा कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. शनिवारी सहा ते आठ हे सभागृह रिकामे असते. ते या गप्पांसाठी मिळावे. दिवे आहेत, दार उघडे राहील, मंडळाच्या दोघी तिघी पाळीने बसतील. विजेचे बिल जास्त आले तर मी लाडू करून विकीन आणि भरीन. मग त्या घरच्या आईला घेऊन मी स्वतः बोलेन, आणि तिलाही बसायला सांगेन. तिला दुधाच्या डेअरीचा सगळा हिशेब तोंडपाठ असतो, आमच्या वस्तीत दुधाचे काय करायचे हे अजून कोणालाच सुचलेले नाही.